हसणारा हेरोद आणि अदृश्य माणूस

आमच्या धर्मग्रामात दरवर्षी नाताळच्या आधी तीन-चार आठवडे मुलांच्या नाटिकेची तालीम सुरू होते. पात्रवाटपाच्या संध्याकाळी एक गोष्ट न चुकता घडते. योसेफ व्हायला कोणी पुढे येत नाही. योसेफाला फार बोलायचे नसते, नुसते उभे राहायचे असते. मेंढपाळ व्हायला मुले नाइलाजाने कबूल होतात. पण हेरोद राजाचे नाव उच्चारताच दहा-बारा हात एकदम वर जातात. एका वर्षी हेरोदाची भूमिका कोणाला द्यावी यावरून दोन मुलांमध्ये चर्चच्या पटांगणातच गुद्दागुद्दी झाली आणि ती सोडविताना आमच्या झग्याचे एक बटण तुटले.

अलीकडेच एका मातेने आम्हाला थांबवून तक्रार केली. तिचा मुलगा हेरोद झाला होता. तो घरात चादर पांघरून फिरतो, धाकट्या बहिणीकडे बोट दाखवून ‘ठार करा’ असा हुकूम सोडतो आणि वर खदाखदा हसतो, असे तिचे म्हणणे. “फादर, देवाच्या नाटकात त्याला हेरोदच जास्त आवडायला लागला, तर कसं व्हायचं?” तिने विचारले. मुलांचे असेच असते, असे काहीतरी बोलून आम्ही वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनात घर करून राहिला. दुष्टपणा करताना ज्याला मौज वाटते आणि ती मौज जो लपवीत नाही, असा खलनायक लहानांना आणि मोठ्यांनाही का आवडतो? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे आणि त्याचा एक धागा आपल्या धर्मसभेच्या अंगणातूनच जातो.

मध्ययुगात इंग्लंडच्या कॉव्हेंट्री शहरात ख्रिस्तशरीराच्या सणाला बायबलमधील प्रसंगांची नाटके होत. ती करणारे लोक व्यावसायिक नट नव्हते, शहरातील कारागिरांचे संघ होते. चाकांच्या गाड्यांवर रंगमंच उभारायचा आणि तो रस्त्यारस्त्यांतून न्यायचा, अशी पद्धत होती. इंग्रजीत या नाटकांना जे नाव आहे त्याचा अर्थ रहस्यनाट्य असा होतो, आणि आजच्या रहस्यकथेलाही इंग्रजीत तोच शब्द लागतो, हा योगायोग आम्हाला गमतीचा वाटतो. लोकर कातरणाऱ्यांच्या व शिंप्यांच्या संघाकडे ख्रिस्तजन्माचे व बालहत्येचे नाटक होते. त्याची १५३४ मध्ये सुधारून लिहिलेली संहिता १८७९ साली बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयाला लागलेल्या आगीत जळाली. सुदैवाने ती त्याआधीच छापली गेली होती, म्हणून आज वाचायला मिळते. तिच्यात नटासाठी एक सूचना आहे. मागी लोक आपल्याला चकवून निघून गेले हे कळताच हेरोदाने रंगमंचावर थैमान घालावे आणि खाली रस्त्यावरही घालावे, अशी ती आहे. म्हणजे हा राजा गाडीवरून उतरून प्रेक्षकांत शिरे, लोकांच्या अंगावर धावून जाई, आणि लोक किंचाळत, हसत, पुन्हा त्याच्याजवळ येत. त्याच शहरातील लोहारांच्या संघाच्या हिशेबात हेरोदाचा चेहरा रंगविण्याचा खर्च नोंदला आहे. चॉसर या कवीने आपल्या एका विनोदी कथेत चर्चच्या एका छानछोकी कारकुनाला हेरोदाची भूमिका दिली आहे, कारण त्याला एका बाईवर छाप पाडायची असते. पात्रवाटपाची भांडणे त्या काळीही होत असावीत, असे समजायला हरकत नाही.

त्या काळच्या नीतिनाट्यांत ‘व्हाइस’ नावाचे, म्हणजे दुर्गुणाचे, एक पात्र असे. त्याच्या हातात लाकडी खंजीर असे. नाटकातील भोळ्या माणसाला तो फसवी आणि फसविण्यापूर्वी प्रेक्षकांकडे वळून आपला बेत त्यांना सांगे. फसणाऱ्याला काही ठाऊक नाही, पण प्रेक्षकांना सारे ठाऊक. या एका युक्तीने प्रेक्षक दुर्गुणाच्या कटात सामील होत. सारे मर्म या लहानशा युक्तीत आहे, असे आम्हाला वाटते.

संत अगस्तीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहावयास घेतलेल्या आपल्या आत्मकथनात सोळाव्या वर्षी केलेल्या एका चोरीची हकीकत दिली आहे. रात्री मित्रांच्या टोळीसोबत त्यांनी शेजारच्या झाडाची पेअरची फळे चोरली. भूक नव्हती, फळेही काही खास नव्हती. बहुतेक फळे डुकरांपुढे टाकली. पाप करण्यातच मौज होती, हे ते स्पष्ट कबूल करतात. सेमिनरीत हा भाग शिकताना एवढ्या लहान चोरीचा एवढा मोठा विचार कशाला, असे आम्हाला वाटे. पण पुढे ते आणखी एक गोष्ट सांगतात, आणि ती आम्हाला फार उशिरा उमगली. आपण एकटे असतो तर ही चोरी केलीच नसती, असे ते म्हणतात. दुष्टपणाच्या मौजेला सोबती लागतो. हसायला दुसरे कोणीतरी हवे असते.

हे ध्यानात ठेवून आता आपण विज्ञानयुगात येऊ. सैतानाची शिंगे व शेपटी जाऊन त्या जागी प्रयोगशाळा आली, तरी हसणारा हेरोद कुठे गेला नाही. एच. जी. वेल्स यांची ‘द इन्व्हिजिबल मॅन’ ही कादंबरी १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. वेल्स हे थॉमस हक्सली यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकलेले. अदृश्य होण्याची कल्पना काही त्यांची नव्हे. अंगठी फिरविताच दिसेनासा होणारा मेंढपाळ प्लेटोच्या ग्रंथात आहेच. वेल्सनी अंगठीच्या जागी प्रकाशाच्या वक्रीभवनाचे शास्त्र आणले आणि कथेचा पहिला भाग अस्सल रहस्यकथेसारखा रचला. फेब्रुवारीच्या हिमवर्षावात इपिंग नावाच्या खेड्यातील खानावळीत एक परका माणूस उतरतो. डोके पट्ट्यांनी गुंडाळलेले, डोळ्यांवर निळा चष्मा, नाक गुलाबी आणि चकचकीत. तो गुन्हेगार आहे की अराजकवादी, की नुसताच वेडा, यावर गावकरी तर्क लढवितात. सोबत बाटल्यांची खोकी. खोलीचे दार सदा बंद.

आम्ही हे पुस्तक सेमिनरीच्या ग्रंथालयात, अभ्यासाच्या तासाला, जाड तत्त्वज्ञानाच्या पुस्तकाआड धरून वाचले होते. पेंटेकॉस्टच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी पहाटे, गावच्या धर्मोपदेशकाच्या घरी चोरी होते. नवराबायको जागी होतात, धर्मोपदेशक हाती लोखंडी सळई घेऊन खाली येतो, मेणबत्ती पेटलेली दिसते, पैशांचा खण उघडल्याचा आवाज येतो, आणि खोलीत कोणीच नसते. मग कोणीतरी जोरात शिंकते. अदृश्य व्हायचे तर कपडे घालून चालत नाही, आणि इंग्लंडच्या थंडीत उघड्या अंगाने चोरी करणाऱ्याला सर्दी होणारच. पुढे त्याच धर्मोपदेशकाचे व गावच्या डॉक्टरचे कपडे हा ग्रिफिन भर दिवसा उतरवून नेतो. धर्मगुरू होऊ घातलेल्या आम्हा मुलांना धर्मोपदेशकाची ही फजिती केवढी आवडली, ते काय सांगावे! पुस्तक हातोहात फिरले. ग्रिफिन सगळ्यांच्या टोप्या उडवीत रस्त्याने पळतो तेव्हा आम्ही त्याच्यामागे पळत होतो. कोणी आमच्याकडे पाहत नाही आणि मनात येईल ते करता येते, हे सुख सेमिनरीच्या घंटेवर चालणाऱ्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही.

अनेक वर्षांनी हे पुस्तक पुन्हा हाती आले, तेव्हा आम्ही एका ठिकाणी थांबलो. ग्रिफिन आपल्या जुन्या ओळखीच्या डॉक्टर केम्पला स्वतःची कहाणी सांगत असतो. प्रयोगाला पैसे हवे होते म्हणून त्याने आपल्या बापाचे पैसे चोरले. ते पैसे बापाचे नव्हते, दुसऱ्या कोणाचे तरी होते. बापाने गोळी झाडून घेतली. ही गोष्ट लेखकाने दोन ओळींत उरकली आहे आणि पहिल्या वाचनात आम्ही ती सहज ओलांडून गेलो होतो. मागून दफनविधीचे वर्णन येते. स्वस्तातली शवगाडी, वाऱ्याने गोठलेली टेकडी, थोडक्यात आटोपलेला विधी, आणि प्रार्थना वाचणारा बापाचा एक जुना मित्र, काळ्या जुन्या कपड्यांतला, वाकलेला, सर्दीने नाक ओढणारा म्हातारा. ग्रिफिनला कसलेच दुःख होत नाही. उलट बापाचे वागणेच त्याला मूर्खपणाचे वाटते.

दुसऱ्या वाचनापर्यंत आम्ही अशा कितीतरी कबरींच्या काठाशी त्या म्हाताऱ्याच्या जागी उभे राहिलो होतो. पावसात उभे राहिलो होतो, पडसे झालेले असतानाही प्रार्थना म्हटली होती. ज्या घरातल्या माणसाने स्वतःचा जीव घेतला त्या घरातील मुलाच्या खांद्यावर हात ठेवताना काय बोलावे हे न सुचून गप्प राहिलो होतो. पहिल्या वेळी आम्ही ग्रिफिनच्या डोळ्यांनी त्या टेकडीकडे पाहिले होते, म्हणून तिथे कोणी मेलेलेही आम्हाला दिसले नव्हते. अगस्तीनांच्या टोळीत आम्हीही होतो, असेच म्हणावे लागेल.

वेल्स यांचे मोठेपण असे की, ग्रिफिनला सोबती लागतो हे त्यांना पुरते ठाऊक होते. ज्याला कोणी पाहू शकत नाही त्याला कोणीतरी पाहणारा हवाच असतो. अदृश्य माणूस एकटा काही करू शकत नाही हे तो केम्पजवळ कबूल करतो. त्याला लपायला घर हवे, अन्न हवे, मदतनीस हवा. पण ज्या उत्साहाने तो आपल्या लबाड्यांचे, मारहाणीचे, आगी लावण्याचे वर्णन करतो, त्यावरून त्याला सर्वांत अधिक श्रोता हवा आहे हे उघड होते. केम्प ऐकत बसतो. आपणही ऐकत बसतो. फरक एवढाच की केम्पने आधीच पोलिसांना चिठ्ठी पाठविलेली असते. मग ग्रिफिन दहशतीचे राज्य जाहीर करतो. त्याच्या दहशतीत खऱ्या अर्थाने बळी पडतो तो विकस्टीड नावाचा पंचेचाळिशीचा एक कारभारी. दुपारच्या जेवणाला घरी चाललेला, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला गरीब माणूस. लोखंडी गजाने त्याला ठेचून मारले जाते. शेवटी लोक ग्रिफिनला पकडून मारतात आणि मृत्यूनंतर त्याचे शरीर हळूहळू दिसू लागते. तिशीतला, पांढऱ्या केसांचा, फुटक्या-तुटक्या अंगाचा एक माणूस. कोणीतरी त्याचा चेहरा झाका म्हणून ओरडते. मुलांना तिथून हुसकावून लावतात.

कॉव्हेंट्रीच्या शिंप्यांनीही हेच केले होते. हेरोदाच्या रस्त्यावरच्या थैमानानंतर त्यांच्या नाटकात तीन माता येतात. बाळांना झोपवण्यासाठी त्या अंगाई गातात, आवाज करू नका म्हणतात. मग शिपाई येतात. एक माता स्वयंपाकघरातली पळी घेऊन शिपायावर धावते. ती अंगाई आजही जगभर नाताळात गायिली जाते आणि ती गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना हेरोदाची आठवण नसते. जे प्रेक्षक घटकाभरापूर्वी राजाबरोबर हसले होते, त्यांनाच आता ही अंगाई ऐकावी लागे.

आता थोडे आमच्याच व्यवसायबंधूविषयी. रोनाल्ड नॉक्स हे अँग्लिकन बिशपांचे चिरंजीव. १९१७ साली ते कॅथॉलिक झाले आणि दोन वर्षांनी धर्मगुरू. पुढे त्यांनी एकहाती संपूर्ण बायबलचे इंग्रजी भाषांतर केले. पण फुरसतीत ते गुप्तहेरकथाही लिहीत. १९२९ मध्ये त्यांनी रहस्यकथेसाठी दहा आज्ञा थोड्या विनोदाने प्रसिद्ध केल्या. त्यांतील चौथी आज्ञा अशी की, कोणालाही माहीत नसलेले विष किंवा शेवटी लांबलचक शास्त्रीय खुलासा करावा लागेल असे उपकरण कथेत आणू नये. म्हणजे विज्ञानकथेला दारातच अडविले. आणि पहिली आज्ञा? गुन्हेगार सुरुवातीलाच कथेत आला पाहिजे, पण वाचकाला ज्याच्या मनातले विचार कळत आले आहेत असा तो असू नये. नॉक्स यांचा हेतू खेळ न्यायाने चालावा एवढाच होता. पण परिणाम पाहा. खलनायकाचे मन वाचकासाठी बंद झाले. तो प्रेक्षकांकडे वळून आपला बेत सांगू शकेना, त्याला सोबती मिळेना, आणि त्याचे हसूच गेले. त्या काळच्या इंग्रजी गुप्तहेरकथांतील खुनी माणसे कशी निमूट, चहाला वेळेवर येणारी असतात! धर्मगुरूने घालून दिलेला नियम म्हणून आम्ही त्याचे कौतुक करायला हवे, पण खरे सांगायचे तर आम्हाला त्या कथा जरा अळणी वाटतात.

विज्ञान आणि रहस्य यांचे जमणार नाही, असे जॉन कॅम्बेल या प्रसिद्ध अमेरिकन संपादकाचेही मत होते. गुप्तहेर आयत्या वेळी खिशातून एखादे नवे यंत्र काढील, मग वाचकाने तर्क कसा करावा? आयझॅक असिमॉव्ह यांनी १९५४ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ या कादंबरीत एक पोलीस व एक यंत्रमानव यांची जोडी उभी करून ही अडचण सोडवून दाखविली. खुनी कोण हे आम्ही सांगणार नाही, पण तो हसत नाही एवढे सांगतो.

हसणारा खुनी आणला तो आल्फ्रेड बेस्टर यांनी. त्यांची ‘द डिमॉलिश्ड मॅन’ मासिकातून १९५२ मध्ये आली आणि १९५३ साली विज्ञानकथांसाठीचा पहिला ह्यूगो पुरस्कार तिलाच मिळाला. चोविसाव्या शतकात पोलीस लोकांच्या मनातले वाचू शकतात, म्हणून ठरवून केलेला खून जवळजवळ अशक्य झालेला आहे. बेन राइक हा धनाढ्य व्यापारी तो करायचे ठरवितो. मनातला बेत झाकण्यासाठी तो एका बाईकडून जाहिरातीच्या गाण्यासारखे, एकदा ऐकले की डोक्यातून न जाणारे एक यमकबाज गाणे मिळवितो आणि मनात सारखे घोळवीत राहतो. पोलिसाने मनात डोकावले की ऐकू येणार ते गाणे! नॉक्स यांच्या पहिल्या आणि चौथ्या अशा दोन्ही आज्ञा इथे मोडल्या आहेत. खून कोणी केला, कसा केला, हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असते. आपण राइकच्या मनातच बसलेलो असतो. ते गाणे आपल्याही डोक्यात वाजू लागते आणि तो पकडला जाऊ नये असे वाटू लागते. रहस्य उरते ते एकच, त्याने हे का केले? ते त्याचे त्यालाही ठाऊक नसते, आणि रात्री स्वप्नात एक चेहरा नसलेला माणूस येऊन त्याला ओरडत उठवितो. दिवसा एवढ्या रुबाबात वावरणारा हा माणूस रात्री अगदी एकटा पडतो. तिथे त्याला सोबत करायला वाचकही धजत नाही.

आपल्याकडे अदृश्य माणसाची कथा सर्वांना ठाऊक झाली ती १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’ या हिंदी चित्रपटाने. तिथे वेल्सची मांडणी उलटली आहे. अदृश्य होतो तो अनाथ मुलांना सांभाळणारा भला नायक, आणि हसण्याचे काम अमरीश पुरी यांच्या मोगॅम्बोकडे गेले आहे. आपण खूश झालो हे तो स्वतःच्याच तोंडाने, स्वतःचे नाव घेऊन जाहीर करतो. त्याचे शिपाई त्याच्या एका हुकुमावर उकळत्या कुंडात उड्या घेतात. हा तर उघडउघड हेरोदच, गाडीवरून रस्त्यात उतरलेला! आज पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही आईबापाला ती नक्कल करता येते. आमच्या धर्मग्रामाच्या सहलीत बसमध्ये ती हमखास होते, आणि आम्हीही ती एकदा केली आहे, हे येथे लपवीत नाही. पण त्याच चित्रपटात टीना नावाची लहान मुलगी बॉम्बस्फोटात मरते. सहलीतील नकलेत ती कधी येत नाही.

हा सारा शोध घेताना आम्हाला आमच्याच नाटिकेची वही काढून पाहावी लागली. कार्यक्रम लांबतो, मध्यरात्रीच्या मिस्सेला उशीर होतो, म्हणून कित्येक वर्षांपूर्वी कोणीतरी, बहुधा आमच्याच आधीच्या किंवा आमच्याच हाताने, बेथलेहेमच्या मातांचा प्रवेश पेन्सिलीने खोडलेला होता. हेरोद हुकूम सोडतो, हसतो, पडदा पडतो. टाळ्या. आम्ही मुलांना वर्षानुवर्षे एवढेच देत आलो होतो, आणि त्या मातेला वाटत होते की दोष तिच्या मुलाचा आहे. आम्ही तिच्या घरी जाऊन हे सांगितले. पेन्सिलीच्या रेघा आता खोडल्या आहेत. तो प्रवेश पाच मिनिटांचा आहे. मिस्सा पाच मिनिटे उशिरा सुरू होईल.

ग्रिफिनच्या गोष्टीची एक शेपटी राहिली, ती सांगून थांबतो. त्याने मारूनमुटकून नोकर केलेला एक भटक्या, टॉमस मार्व्हल, त्याचे पैसे व तीन वह्या घेऊन पळालेला असतो. ग्रिफिन मेल्यावर तो त्या पैशांनी एक दारूचे दुकान काढतो आणि त्यालाच ‘अदृश्य माणूस’ असे नाव देतो. वह्यांचा पत्ता कोणालाच नाही, असे तो शपथेवर सांगतो. पण दर रविवारी सकाळी, गाव उपासनेला गेलेले असताना, तो दारे लावून घेतो, कपाटातून त्या डागाळलेल्या वह्या काढतो, चिलीम ओढीत एकेक पान उलटतो. त्यातले गणित त्याला कळत नाही. कळले तर ग्रिफिनने केले तसे आपण करणार नाही, असे तो स्वतःशी म्हणतो. आपण फक्त... आणि ते वाक्य तो पुरे करीत नाही.